बेपत्ता माणसाचे घर

15 ऑक्टोबर 2016, शनिवार. उत्तर प्रदेशातील बदायूंच्या फातिमा नफीस दिल्लीच्या आनंद विहार बसस्थानकावर उतरल्या. आदल्या रात्री जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या माही-मांडवी वसतिगृहात त्यांच्या मुलाची काही विद्यार्थ्यांशी मारामारी झाली होती. मुलाने रात्रीच फोन करून कळवले होते, म्हणून त्या तातडीने निघाल्या होत्या. दिल्लीत पोहोचल्यावर दोघांचे पुन्हा फोनवर बोलणे झाले आणि खोलीवरच भेटायचे ठरले. त्या 106 क्रमांकाच्या खोलीत पोहोचल्या तेव्हा मुलगा तिथे नव्हता.

तो मुलगा म्हणजे नजीब अहमद. वय सत्तावीस, एम. एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. त्याचा मोबाईल फोन खोलीतच होता. त्या दिवसानंतर नजीबला कोणीही पाहिल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तो हयात आहे की नाही हे पोलीस सांगू शकले नाहीत, सीबीआय सांगू शकली नाही आणि न्यायालयालाही ठरवता आले नाही.

या प्रकरणावर खूप बोलले गेले. निदर्शने झाली, घोषणा झाल्या, राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले. या लेखाचा विषय ते राजकारण नाही. घरातला एक माणूस निघून जातो, त्याचा मृतदेह मिळत नाही, निरोप मिळत नाही, पत्ता मिळत नाही, तेव्हा त्या घराचे काय होते? दीन त्याला काय सांगतो, कायदा काय देतो आणि आपण, म्हणजे नातेवाईक, शेजारी आणि मोहल्ला, त्या घराचे काय देणे लागतो, हा विषय आहे.

शोध कसा झाला, कसा थांबला

फातिमा नफीस यांच्या तक्रारीवरून दिल्ली पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला. विशेष तपास पथक नेमले. माहिती देणाऱ्यास पन्नास हजारांचे बक्षीस जाहीर झाले आणि ते वाढत वाढत दहा लाखांपर्यंत गेले. डिसेंबर 2016 मध्ये शेकडो पोलिसांनी श्वानपथकासह विद्यापीठाचा विस्तीर्ण, झाडाझुडपांचा परिसर पिंजून काढला. हाती काहीच लागले नाही.

नोव्हेंबर 2016 मध्येच आईने दिल्ली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली होती. ‘माझा माणूस माझ्यासमोर हजर करा’ असे मागणारी ही याचिका. तिच्या सुनावणीत न्यायालयाने पोलिसांना तपासाबद्दल वारंवार खडसावले आणि 16 मे 2017 रोजी तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयनेही दहा लाखांचे बक्षीस लावले. मारामारीत ज्यांची नावे आली होती त्या नऊ विद्यार्थ्यांची पॉलिग्राफ चाचणी करण्याची परवानगी मागण्यात आली. अशा चाचणीला त्या व्यक्तीची संमती लागते, तसा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. संमती मिळाली नाही आणि चाचणी झाली नाही.

8 ऑक्टोबर 2018 रोजी उच्च न्यायालयाने सीबीआयला तपास बंद करण्याचा अहवाल देण्यास मुभा दिली आणि त्याच महिन्यात तो अहवाल दाखल झाला. आईने त्याला हरकत घेतली. तपास अपुरा आहे, ज्यांनी मारहाण केली त्यांच्याकडे नीट पाहिलेच गेले नाही, असे तिचे म्हणणे होते. सीबीआयचे म्हणणे असे, की सर्व दिशांनी तपास केला, पण त्या विद्यार्थ्यांचा बेपत्ता होण्याशी संबंध जोडणारा पुरावा मिळाला नाही. शेवटी 30 जून 2025 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने बंद-अहवाल स्वीकारला. जवळजवळ पावणेनऊ वर्षांनी फाईल मिटली. मात्र न्यायालयाने एक दार उघडे ठेवले. नजीबबद्दल विश्वासार्ह माहिती मिळाली तर सीबीआयला तपास पुन्हा सुरू करता येईल.

वर्तमानपत्रातल्या बातम्या इथे संपतात. घराचे मात्र काहीच संपत नाही.

मृत्यू झाला तर घराला एक वाट असते. गुस्ल, कफन, जनाजा, दफन. लोक येतात, ताजियत करतात, तीन दिवस शेजारून जेवण येते. पत्नीची इद्दत ठरलेली असते, वारसांचे हिस्से ठरलेले असतात. दुःख कमी होत नाही, पण दुःखाला कडेला धरून चालायची पायवाट असते. बेपत्ता माणसाच्या घराला यातले काहीच नाही. गायबाना जनाजा पढावा, तर तो जिवंत असल्याची आशा मोडल्यासारखे वाटते. ईदला त्याचे कपडे शिवावेत, तर लोक वेडे म्हणतात. मगफिरतची दुआ मागायची की परतण्याची, हेही आईला कळत नाही.

हजरत याकूब (अलै.) यांचे घर

अशा घराची हकीकत कुरआनात एका संपूर्ण सूरहमध्ये आली आहे. सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकतो, पण ती बहुधा यूसुफ (अलै.) यांच्या बाजूने ऐकतो: विहीर, कारवाँ, मिस्र, कैदखाना, सत्ता. एकदा ती याकूब (अलै.) यांच्या बाजूने वाचून पाहा. मुलगा सकाळी भावांबरोबर खेळायला जातो आणि रात्री परत येत नाही. पुरावा म्हणून रक्त लावलेला सदरा समोर ठेवला जातो. बाप त्या पुराव्यावर विश्वास ठेवत नाही. मुलांनी ही गोष्ट रचली आहे असे स्पष्ट सांगतो आणि ‘सब्र-ए-जमील’ धरतो.

पुढची गोष्ट आपण नेहमी विसरतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे याच सूरहमध्ये दिसते. अनेक वर्षे उलटली, रडून रडून डोळे पांढरे झाले, घरचेच लोक म्हणू लागले की तुम्ही अजूनही यूसुफचेच नाव घेत बसणार का? त्या वेळी याकूब (अलै.) यांनी मुलांना हुकूम दिला, की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. तक्रार त्यांनी केली ती फक्त अल्लाहकडे. शोध मात्र माणसांकरवी चालू ठेवला.

तेव्हा एखादी आई आठ-नऊ वर्षांनीही मुलाचे छायाचित्र हातात घेऊन उभी राहते, तेव्हा ‘आता तरी सब्र करा’ असे तिला सांगणाऱ्यांनी ही आयत पुन्हा वाचावी. ती जे करत आहे, तेही सब्रच आहे.

या घराचे आणखी एक दुःख म्हणजे अफवा. मार्च 2017 मध्ये एका इंग्रजी दैनिकात बातमी आली, की नजीबच्या लॅपटॉपवर एका दहशतवादी संघटनेबद्दल शोध घेतल्याचे आढळले आहे. असे काही आढळले नसल्याचे दिल्ली पोलिसांनीच सांगितले. तरीही नजीब त्या संघटनेत सामील झाला, असे संदेश मोबाईलवर पुढे कित्येक महिने फिरत राहिले. खोट्या आशेचे व्यापारीही आले. जानेवारी 2017 मध्ये, नजीब आपल्या ताब्यात असल्याचे सांगून कुटुंबाकडे वीस लाख मागणारा एक तरुण पकडला गेला. नजीब त्याच्याकडे नव्हताच. सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी पडताळून घेण्याची ताकीद आहे. बेपत्ता माणसाबद्दल आलेला संदेश पुढे ढकलण्याआधी बोट क्षणभर थांबवणे ही त्या घराची मोठी मदत आहे. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी ‘अमुक दिशेला आहे, एवढे पैसे द्या’ असे सांगणाऱ्या आमिल-बाबांपासूनही दूर राहावे. गैब जाणणारा एक अल्लाह आहे.

शरीअत काय म्हणते

आपल्या फुकहांनी या प्रश्नाकडे फार पूर्वी लक्ष दिले. जो निघून गेला आणि ज्याच्या जगण्यामरण्याची खबर नाही, त्याला फिकहमध्ये ‘मफकूद’ म्हणतात. आपल्याकडील उर्दू फतव्यांत ‘मफकूदुल खबर’ हा शब्द येतो. त्याच्याबद्दलचा मूळ विचार सरळ आहे. तो जिवंत होता हे नक्की माहीत आहे आणि तो मेला हे नक्की माहीत नाही. केवळ शंकेने नक्की गोष्ट मोडत नाही.

म्हणून त्याची मालमत्ता वारसांत वाटून टाकता येत नाही. ती राखली जाते आणि तिच्यातून त्याच्या पत्नीचा, मुलांचा खर्च चालतो. त्याचा एखादा नातेवाईक वारला, तर मफकूदचा जो हिस्सा होतो तो बाजूला ठेवला जातो. परत आला तर त्याचा, नाहीतर इतर वारसांचा. ‘भाऊ गेला, आता त्याची खोली माझी’ असे म्हणणाऱ्यांनी हा मसला आधी आलिमांना विचारावा. बेपत्ता माणसाच्या मुलांच्या डोक्यावर बापाचा हात नसतो, पण ते यतीमही ठरत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे समाजाचे लक्षही जात नाही.

सर्वांत कठीण प्रश्न पत्नीचा. हनफी मसलकाच्या जुन्या मतानुसार पतीच्या वयाची माणसे हयात असेपर्यंत तिने थांबायचे. याचा अर्थ जवळजवळ जन्मभर. मालिकी मसलकात हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाच्या आधारे मुदत आहे. काजीकडे दाद मागावी, शोध घ्यावा, चार वर्षे थांबावे, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत, आणि त्यानंतर ती दुसऱ्या निकाहला मोकळी.

हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी, म्हणून येथील स्त्रियांची मोठी अडचण होत होती. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी इतर उलमांशी, मदीनेच्या मालिकी मुफ्तींशीही, पत्रव्यवहार करून ‘अल-हीलतुन नाजिजा’ हा ग्रंथ तयार केला. अशा स्त्रियांसाठी मालिकी मत घेता येईल, असे त्यात मांडले. त्या विचारमंथनातून मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, 1939 आला. त्यातील कलम 2 चे पहिलेच कारण हे आहे: पतीचा ठावठिकाणा चार वर्षे माहीत नसणे. या कारणावर मिळालेला हुकूमनामा सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात पती स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर झाला आणि संसार करण्यास तयार असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर हुकूमनामा रद्द होतो. दावा करताना, पती वारला असता तर जे वारस झाले असते, त्यांनाही नोटीस द्यावी लागते.

काश्मीरमध्ये नव्वदच्या दशकापासून ज्यांचे पती बेपत्ता आहेत अशा स्त्रियांना लोक ‘अर्ध्या विधवा’ म्हणतात. 2013 च्या डिसेंबरात श्रीनगरमध्ये वेगवेगळ्या मसलकांच्या उलमांनी एकत्र बसून त्यांच्यासाठीही चार वर्षांची मुदत मान्य केली. ज्या बहिणीला थांबायचे आहे तिने थांबावे, तिला कोणी हिणवू नये. जिला नवे आयुष्य सुरू करायचे आहे, तिचीही वाट दीनने बंद केलेली नाही.

सात वर्षांचा नियम

‘सात वर्षे झाली की माणूस मेला असे सरकार धरते’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. ते अर्धे खरे आहे. हा नियम पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम 111 मध्ये आहे. ज्यांना त्याची खबर साहजिकच लागली असती, त्यांनी सात वर्षे काहीच ऐकले नसेल, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. म्हणजे सात वर्षांनी पुराव्याचे ओझे दुसऱ्या खांद्यावर जाते, एवढेच. मृत्यूचा दाखला आपोआप छापून येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातून जाहीरनामा घ्यावा लागतो.

आणखी एक बारकावा अनेक घरांना महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये विम्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की सात वर्षांनी मृत्यू धरता येतो, पण मृत्यू केव्हा झाला हे धरता येत नाही. त्या प्रकरणात बेपत्ता पतीच्या विम्याचे हप्ते थांबले होते आणि पॉलिसी बंद पडली होती. तो बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला असे मानता येत नसल्याने पूर्ण रक्कम मिळाली नाही. तेव्हा बेपत्ता माणसाचा विमा असेल तर हप्ते भरत राहावेत आणि विमा कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी.

नजीबच्या बाबतीत सात वर्षे ऑक्टोबर 2023 मध्येच पूर्ण झाली. कायदा आईला म्हणतो, तुम्ही त्याला मृत धरू शकता. धरलेच पाहिजे असे मात्र कायदाही म्हणत नाही. फातिमा नफीस मुलगा जिवंत आहे असे मानून शोध घेत राहिल्या आहेत. तो त्यांचा हक्क आहे.

बंद न पडलेला एक फोन

अशा शोधाला अर्थ असतो का? मुंबईची एक हकीकत त्याचे उत्तर देते.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. 2008 ते 2015 या काळात त्या ठाण्याकडे 166 मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 165 मुली शोधून काढल्या. एक राहिली. सात वर्षांची ती मुलगी 22 जानेवारी 2013 रोजी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली होती. वर्तमानपत्रांनी तिला ‘मुलगी क्रमांक 166’ म्हटले. भोसले 2015 मध्ये निवृत्त झाले, पण तिचे छायाचित्र खिशात ठेवून, रजा नाही की पगार नाही अशा अवस्थेत, तिला शोधत राहिले.

4 ऑगस्ट 2022 रोजी ती सापडली. सोळा वर्षांची झाली होती आणि आपल्या घरापासून अगदी जवळच्या वस्तीत राहत होती. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला पळवल्याचा आरोप ठेवण्यात आला. ती जिथे लहान बाळ सांभाळण्याचे काम करी, तिथल्या एका घरकाम करणाऱ्या बाईने तिची कहाणी ऐकली आणि तिच्यासोबत इंटरनेटवर जुन्या बातम्या शोधल्या. 2013 चे ‘हरवली आहे’ असे पत्रक मिळाले. त्यावर पाच फोन नंबर होते. चार लागलेच नाहीत. पाचवा लागला. तो तिच्या कुटुंबाच्या एका मुस्लिम शेजाऱ्याचा होता.

मुलगी त्याच्या नात्याची नव्हती, धर्माचीही नव्हती. पण शेजारच्या घरातली मुलगी हरवली तेव्हा त्याने पत्रकावर आपला नंबर दिला आणि साडेनऊ वर्षांनी तो नंबर वाजला तेव्हा उचलणारा माणूस तिथे होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शेजाऱ्याच्या हक्कावर किती भर दिला, हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. त्या हक्काचा अर्थ कधीकधी एवढाच असतो, की नंबर बदलायचा नाही आणि अनोळखी फोन आला तर उचलायचा.

त्या शोधात पोलीस होते, एक कामवाली होती, एक शेजारी होता. फाईल कोणाच्या हातात आहे यापेक्षा शोध किती जणांच्या मनात जागा आहे, यावर माणूस सापडणे अवलंबून राहिले. नजीबसाठी उघडे ठेवलेले दारही असेच एखाद्या माणसाने आणलेल्या माहितीवर उघडणार आहे.

आपल्या घरासाठी

अल्लाह प्रत्येक घराला या परीक्षेपासून दूर ठेवो. पण काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट, चोवीस तास थांबायचा कोणताही नियम नाही. माणूस वेळेवर परतला नाही आणि शंका आली, की लगेच 112 वर फोन करावा आणि पोलीस ठाण्यात जावे. ‘बदनामी होईल’ म्हणून मुलीची तक्रार दोन-तीन दिवस लांबवणारी घरे असतात. ते पहिले दिवसच सर्वांत मोलाचे असतात.

दुसरी, अठरा वर्षांखालील मूल हरवले तर 10 मे 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार केवळ ‘मिसिंग’ नोंद पुरत नाही. गुन्हा, म्हणजे एफआयआर नोंदवला पाहिजे. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाईनही आहे. ‘आमची हद्द नाही’ असे ठाण्याने सांगितले तर झिरो एफआयआरचा आग्रह धरावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याची स्पष्ट तरतूद आहे.

तिसरी, कागद. तक्रारीची प्रत, तपास अधिकाऱ्याचे नाव, प्रत्येक भेटीची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. पुढे बँक, विमा, न्यायालय, सगळीकडे पोलिसांचा ‘शोध लागला नाही’ असा लेखी अहवाल मागतात. बेपत्ता खातेदाराची छोटी रक्कम अशा अहवालावर आणि हमीपत्रावर देता येते. त्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत.

चौथी, नाव. शिक्षक म्हणून ही गोष्ट माझ्या रोजच्या पाहण्यातली आहे. एकाच मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरे असते. मोहम्मद, मुहम्मद, मो., एम. डी.; शेख कधी पुढे, कधी मागे; फातिमाचे फातेमा आणि फातमा. शोध घेणारा संगणक यांना वेगवेगळी माणसे समजतो. सर्व कागदांवर एकच स्पेलिंग करून घ्या. मुलांच्या आधारमधील बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करून घ्या. बालगृहातल्या मुलाचे नवीन आधार काढायला गेल्यावर त्याचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि वर्षानुवर्षे हरवलेले मूल घरी पोहोचले, असे आपल्या महाराष्ट्रातही घडले आहे. घरातल्या प्रत्येकाचे वर्षभरातले एक स्पष्ट छायाचित्र असावे. शरीरावरची खूण, चष्मा, चालू औषधे यांची नोंद असावी. विसराळू झालेल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात पत्ता आणि फोन नंबरची चिठ्ठी असावी.

पाचवी, मुलाला एक तरी नंबर तोंडपाठ हवा. मोबाईल खोलीत राहू शकतो, डोक्यातला नंबर बरोबर जातो.

सहावी, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांशी असे नाते ठेवा, की भांडण झाले, धमकी आली किंवा मन खचले तर रात्री अडीच वाजताही त्यांना घरी फोन करावासा वाटेल. त्यांच्या खोलीतल्या मित्राचा आणि वॉर्डनचा नंबर घरातल्या वहीत असू द्या.

शेजाऱ्यांनी काय करावे

आपल्या मोहल्ल्यात असे एखादे घर असेल. मुंबईला कामाला गेलेला आणि परत न आलेला मुलगा, अजमेरच्या गर्दीत सुटलेली आजी, भांडून निघून गेलेला आणि पुन्हा न दिसलेला नवरा. पहिले सहा महिने लोक विचारतात. मग विचारणे थांबते, कारण काय बोलावे हे कळत नाही. मग त्या घरी जाणेच थांबते.

त्या घरी जावे. त्या माणसाचे नाव घ्यावे, तेही ‘होता’ म्हणून नव्हे, ‘आहे’ म्हणून. रमजानमध्ये फितरा-जकातचा विचार करताना बेपत्ता माणसाची पत्नी विधवांच्या यादीत नसते आणि मुले यतीमांच्या यादीत नसतात, हे जमातीच्या जबाबदारांनी लक्षात घ्यावे. ती गरजू असतील तर गरजू म्हणूनच त्यांचा हक्क आहे. पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात त्या बाईबरोबर जाणारे कोणी तरी असावे. जुम्यानंतर मशिदीत सामूहिक दुआ होते, तेव्हा आजारी आणि मरहूम यांच्या नावांबरोबर मफकूद माणसाचेही नाव घ्यायला इमामसाहेबांना सांगावे. त्याच्या आईला ते नाव मशिदीच्या भोंग्यावरून घरात ऐकू येईल.

आणि मशिदीच्या फलकावर त्याचे पत्रक लावले असेल, तर ते उन्हाने फिके झाले म्हणून काढून टाकू नये. त्याची नवी प्रत लावावी. खाली आपला स्वतःचा एक नंबर लिहावा.